धोंडप्पाला हाळी माफ

आमच्या गावात माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर चढायचं तर आधी हाळी द्यावी लागे. शिडीला हात लावायचा, मान वर करायची आणि आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल असं ओरडायचं, "वर येतोय होऽ!" मग जरा दम धरायचा. तेवढ्यात कुणाची आंघोळ चालू असली तर ती बाई लुगडं ओढून घेई आणि खाकरे. तो खाकरा आला की चढायला मोकळीक. न्हाणी म्हणजे तरी काय, अंगणाच्या कोपऱ्यात एक दगड, भोवती छातीएवढी भिंत आणि वर उघडं आभाळ. रस्त्यानं जाणाऱ्याला काही दिसत नाही, माळवदावरच्याला सगळं दिसतं. त्यात आमची घरं एकाला एक अशी चिकटलेली की वेशीजवळच्या घरावर चढलेला माणूस खाली पाय न टेकता मारुतीपर्यंत जाईल. हाळी विसरलेल्याला गावानं कधी मारलं नाही. बायका आडावर त्याचं नाव असं काही रंगवायच्या की तो आपण होऊन महिनाभर सासुरवाडीला जाऊन राही.

या नियमातून गावात एकच माणूस सुटला होता, धोंडप्पा. त्याला हाळी माफ होती, कारण त्याला दिसत नव्हतं.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, कर्नाटकाची शीव हाकेवर. धोंडप्पा लिंगायताचा. लहानपणी देवी आल्या त्या डोळे घेऊन गेल्या. आई होती तोवर तिनं सांभाळलं. ती गेल्यावर भावकी जमली, हळहळली आणि सगळ्यांनी मिळून त्याला मठाच्या ओट्यावर बसवायचं ठरवलं. येणारा-जाणारा काहीबाही टाकील, पोट भरेल. धोंडप्पा बसला. दुपारपर्यंत त्यानं ओट्यावर हात फिरवून सुटलेले दगड हुडकले आणि स्वामींना सांगितले. स्वामी जपात होते, म्हणून त्यानं ते दगड स्वतःच उपटून पुन्हा बसवायला घेतले. दिवस मावळायच्या आत स्वामींनी त्याला मोठ्या मायेनं सांगितलं, बाळा, तू घरीच बस. भावकीची हळहळ तिथंच संपली.

घरी तो कसला बसतोय. त्यानं घरच नव्यानं मांडलं. दिव्याच्या देवळीत पाल राहते म्हणून देवळी मातीनं बुजवून टाकली. दिवा तसाही त्याच्या घरात कुणाला लागत नव्हता. खुंट्या ठोकल्या त्या स्वतःच्या हाताला सापडतील अशा, म्हणजे पाहुण्याच्या बरोबर पोटात. दारापासून जात्यापर्यंत आणि जात्यापासून न्हाणीपर्यंत त्यानं सुताची दोरी ताणली होती. तो तिला नुसतं बोट लावून सुसाट हिंडे आणि डोळस माणूस तिच्यात अडकून गुडघ्यावर येई. पडल्याचा आवाज आला की धोंडप्पा आतून म्हणे, "जरा बघून या की." आणि मग पाहुण्याला उठवायच्या आधी दोरीची गाठ सुटली का ते चाचपून बघे.

काम करायची त्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. खिळा ठोकताना तो कडब्याचं चिपाड घेई, त्यात खिळा टोचून उभा करी आणि चिपाड हातात धरून हातोडा मारी. बोट वाचे. मीही एकदा तसं करून बघितलं; माझं बोट गेलं आणि चिपाड वाचलं. माप घ्यायला गाठी मारलेली सुतळी. माळवदावर तो कधी उभा राहत नसे. शिडीवरून वर गेला की बूड टेकायचं आणि काठाकडून मधल्या बाजूला सरकत जायचं. एका हातात लाकडी चोपणं, दुसरा हात मातीवर. चोपणं आपटलं आणि पोकळ आवाज आला की खाली वाळवी, तिथं उकरायचं. सगळं माळवद तो असा बुडावर पार करी, त्यामुळं त्याच्या धोतराचा मागचा भाग कायम पांढऱ्या मातीचा आणि कायम ठिगळाचा. लांबून पाठमोरा माणूस दिसला की लोक आधी तिथं बघत आणि मग हाक मारत.

काम सगळंच नामी होतं असं मात्र समजू नका. आमच्या घरात त्यानं एक फळी बसवली, तिच्यावर डबा ठेवला की डबा चालायला लागे. मी त्याला बोलावून दाखवलं. त्यानं फळी चाचपली, भिंत चाचपली आणि मलाच सुनावलं की तुमची भिंत वाकडी आहे, फळीनं काय करावं. चूक कबूल करणं त्याच्या अंगातच नव्हतं. दुसरी खोड त्याहून वाईट. कुणाच्याही घरात शिरला की तिथली खोट काढल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. लग्नाच्या मांडवात अक्षता पडत असताना त्यानं एकदा नवऱ्याच्या बापाला सांगितलं होतं की मांडवाची मेढ ढिली आहे. मेढ खरंच ढिली होती, पण ती काय सांगायची वेळ होती?

आता दुष्काळाचं सांगतो. तीन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. पाऊस नाही म्हणून माळवदं गळाली नाहीत, गळाली नाहीत म्हणून कुणी वर मूठभर माती टाकली नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बघावं तर वरची माती अशी उललेली की भेगेत हात जावा. यंदा मृग बरसला तर पाणी थेट चुलीत येणार हे बायकांना कळलं. गडी माणसं तर सगळी जळकोटच्या रस्त्याला खडी फोडायला. गावात उरले म्हातारे, लेकुरवाळ्या आणि धोंडप्पा.

माती गढीमागं होती. पाणी कुठनं आणायचं? टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. तेव्हा धोंडप्पानं तोड काढली: बायकांनी आंघोळीचं सांडपाणी न्हाणीच्या तोंडाशी घागरीत धरायचं आणि वर द्यायचं. त्यात तो पांढरी माती, भुसा आणि शेण कालवी, भेगा भरी आणि चोपून काढी. म्हणजे झालं असं, की खाली बाईची आंघोळ चाललेली आणि वर धोंडप्पा पाण्याची वाट बघत बसलेला. दुसरा कुणी असता तर गावात रक्त सांडलं असतं. धोंडप्पाचं कुणाला काही वाटत नव्हतं. बायका टोपल्या वर देत, काम झालं की भाकरी-कोरड्यास वाढत, आणि तो जेवता जेवता चुलीची एक बाजू खचलीय म्हणून सांगे. गावच्या निम्म्या घरांवर त्याचा हात फिरला. त्या उन्हाळ्यात त्याला मी पहिल्यांदा रस्त्यानं गाणं म्हणत जाताना बघितलं. कुणी त्याला 'बिचारा' म्हणायचं विसरून गेलं होतं.

हे सुख आमच्या आबारावाला बघवेना. आबाराव सोसायटीचा चेअरमन. सोसायटी म्हणजे काय ते गावाला फारसं कळलं नव्हतं, पण चेअरमन म्हणजे काय ते आबारावाकडं बघून कळे. पांढरी टोपी, मनगटाला घड्याळ आणि पायात सोलापूरहून आणलेले बूट. बुटांच्या टाचेला लोखंडी नाल. गावात तसले बूट दुसऱ्या कुणाच्या पायात नव्हते, आणि आबाराव ते चावडीतसुद्धा काढत नसे. चेअरमननं बूट काढले तर चेअरमन कोण आणि शिपाई कोण हे कसं कळणार, असं त्याचं म्हणणं. त्यानं सोसायटीतर्फे पत्रे आणले होते. गोदाम भरून पत्रे. माळवदं खचली की गाव पत्रे घ्यायला रांग लावील, जिल्ह्यात आपल्या गावाचं नाव होईल, उस्मानाबादहून साहेब येऊन कौतुक करतील, असा हिशेब. त्यासाठी तो स्वतः घराघरावर चढून मापं घेत फिरत होता. पण माळवदं खचेनात. जिथं जावं तिथं बाई सांगे, धोंडप्पानं चोपून दिलंय, आता पाच वर्षं बघायला नको.

असं चाललेलं असताना धोंडप्पाच्या खोडीनं घात केला.

ज्ञानोबाची बायको पुतळाबाई. नाव तिला शोभायचं, एवढंच सांगतो. म्हाताऱ्या माणसानं त्याहून जास्त बोलू नये. एका सकाळी ती आंघोळीला बसली होती आणि धोंडप्पा वर पाण्यासाठी थांबला होता. तांब्या ओतला की खालचा दगड खटकन वाजे. धोंडप्पानं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा त्याला राहवेना. वरूनच म्हणाला, "वैनी, न्हाणीचा दगड डावीकडनं हलतोय. पाय घसरंल. उतरलो की चिपा मारतो."

पुतळाबाईला हसू आलं. त्यानं उतरून दगडाखाली कपचीचा चिपा मारलाही. तिनं ते आडावर सांगितलं, बायका हसल्या, आमच्या हिनं घरी येऊन मला सांगितलं, मी पारावर सांगितलं. पारावर आबाराव होता. पुढं ती गोष्ट जळकोटच्या रस्त्याला ज्ञानोबापर्यंत पोचली तेव्हा तिच्यातला दगड गळाला होता आणि नुसती पुतळाबाई उरली होती. ज्ञानोबा हातातला घण टाकून तडक गावात आला.

चावडीत बैठक बसली. प्रश्न एकच: धोंडप्पाला दिसतं का? दिसत असेल तर इतके दिवस हाळी न देता तो काय करत होता? आबारावानं पंचांसारखं तोंड केलं आणि परीक्षा सुरू झाली. त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवला. धोंडप्पाच्या पापण्या हलल्या नाहीत. आबाराव म्हणाला, सवयीनं जमतं. पेटती बिडी गालाजवळ नेली. धोंडप्पानं मान मागं घेतली. आबाराव म्हणाला, बघा, दिसली. मग त्याला बसायला मुद्दाम पाय मोडलेलं स्टूल दिलं. धोंडप्पा न चाचपता कधी कशावर बसत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यानं हात फिरवला, पाय मोडलाय म्हणाला, कनवटीची पाचर काढली, तिथल्याच दगडानं ठोकली आणि ऐटीत बसला. आबारावानं टाळी दिल्यासारखा हात उडवला. आंधळ्याला मोडलेला पाय कसा दिसला? तात्पर्य असं, की धोंडप्पा नीट वागला तर त्याला दिसत होतं आणि चुकला तर तो सोंग करत होता.

चावडीच्या मागच्या भिंतीला बायका टेकून उभ्या होत्या. त्यांतून सारजाबाई पुढं आली. म्हातारी, कपाळ पांढरं, दात गेलेले, पण जीभ जागेवर. गावात चेअरमन कुणीही होवो, आडावरचा कारभार तिचा. ती म्हणाली की धोंडप्पाला दिसत नाही याची खात्री आम्हाला आहे, आणि ती आम्हालाच असायला पाहिजे.

आबाराव काही कच्चा नव्हता. तो लगेच वळला. बरं, दिसत नाही ना? मग तर आंधळ्या माणसाला माळवदावर चढू देणं म्हणजे गावाला कलंक. उद्या पडला तर? सोसायटी ठरावच करणार आहे की धोंडप्पानं यापुढं शिडीला हात लावायचा नाही. म्हणजे दिसत असेल तरी चढायचं नाही आणि दिसत नसेल तरी चढायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडं ठराव म्हटलं की मान आपोआप हलते.

धोंडप्पा इतका वेळ स्टुलाच्या पायाशी खेळत होता. आता त्याचा हात थांबला.

"मग म्या करू काय?" त्यानं विचारलं.

"तुझी सोय केलीय की," आबाराव म्हणाला. "सोसायटीच्या दुकानाच्या दारात बसायचं. नवा सदरा देऊ. साहेब आले की तुझ्या गळ्यात हार घालतील, फोटो निघंल."

"बसून काय करायचं?"

"बसायचं."

धोंडप्पाचं तोंड मी त्या दिवशी बघितलं. मठाच्या ओट्यावर पहिल्या दिवशी बसवलं होतं तेव्हाचंच तोंड, फक्त मिशा पांढऱ्या झालेल्या. तेव्हा निदान उपटायला दगड तरी होते. दुकानाचा ओटा सिमेंटचा होता.

सारजाबाई म्हणाली, "धोंडप्पा, गप नगं बसू. तुजं काय असंल ते बोल."

"माजं काय न्हाय, सारजाक्का," तो म्हणाला. "माजं काम बंद करायचं तर करा. पण त्या बुटवाल्याला आधी आवरा. केलेलं समदं नास करतोय."

"कोण बुटवाला?" ज्ञानोबानं विचारलं.

"ते मला कसं ठावं असंल? मला दिसतंय व्हय?" धोंडप्पा आता रंगात आला, कुणाची तरी खोट काढायला मिळाली होती. "तुमच्याच माळवदावर घ्या. म्या सकाळी वली माती चोपून उतरतो. दुसऱ्या दिशी हात फिरवावा तर काठाला दोन टाचा. नाल मारलेल्या. चालत्या माणसाची टाच येवढी रुतत न्हाय. हा हुबा ऱ्हातोय. लई येळ हुबा ऱ्हातोय."

"कोणच्या काठाला?"

"न्हाणीकडच्या. तिथंच ऊन कमी लागतं, माती वली ऱ्हाती, म्हून जास्त रुतलं. मालनबाईच्या घरावर तसंच. तिथंबी न्हाणीकडंच. काय सोन्याची न्हाणी हाय का काय, कुणाला ठावं. नवा लेप, त्यावर बूट घालून हुबा ऱ्हायचं, ही काय रीत झाली?"

सारजाबाईनं बारीक आवाजात विचारलं, "आन् माझ्या घरावर रं?"

"तुमच्या घरावरनं सरळ चालत गेलाय, सारजाक्का. थांबला न्हाय."

मागं कुणीतरी तोंडात पदर कोंबला तरी हसू फुटलंच. सारजाबाईनं एकदा धोंडप्पाकडं बघितलं, एकदा जमलेल्या गड्यांच्या पायांकडं. कुणी अनवाणी, कुणाच्या पायात टायरच्या चपला. हळूहळू सगळी चावडीच खाली बघायला लागली. आबारावानं पाय बाकाखाली ओढून घेतले, आणि ओढताना नाल फरशीवर अशी वाजली की उरलेल्यांनीही बघितलं.

तो म्हणाला की आपण पत्र्याच्या मापासाठी गेलो होतो, गावाच्याच कामाला गेलो होतो. सारजाबाईनं एवढंच विचारलं की हाळी दिली होती का. आबारावानं टोपी काढून पुसली. बायकांकडं बघून तिनं विचारलं की कुणी ऐकली होती का. कुणी ऐकली नव्हती.

ज्ञानोबा मघापासून धोंडप्पाजवळ उभा होता, तो जाऊन आबारावाजवळ उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "चेअरमन, माझ्या घराचं माप काय आलं?"

तेवढ्यात आबारावाला घड्याळ आठवलं, जळकोटला जायचं आठवलं, आणि तो उठला. जाताना बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत गेला. चेअरमन चवड्यांवर चाललेला आमच्या गावानं तेवढा एकदाच बघितला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो सासुरवाडीला गेला. चांगला पोळ्यापर्यंत राहिला.

ठराव कुणी मांडला नाही. धोंडप्पाला कुणी सांगितलंही नाही की जा, चढ. तो उठला आणि ज्ञानोबाला म्हणाला की तुमचा काठ राहिलाय, चला शिडी लावा. ज्ञानोबानं शिडी धरली. पुतळाबाईनं घागर दिली.

त्या टाचा कुणाच्या हे धोंडप्पाला खरंच ठाऊक नव्हतं का, हे मी त्याला पुढं कितीदा विचारलं. बूट करकर वाजवत हिंडणारा माणूस गावात एकच, आणि याचे कान तर असे की शेजारच्या घरातलं जातं सैल झालेलं याला घरात बसून कळे. पण विचारलं की तो माझ्या भिंतीवर हात फिरवून म्हणे, "तात्या, हितं वल आलीया." मग कितीही खोदा, त्या ओलीशिवाय दुसरं काही निघायचं नाही.

मृग बरसला. माळवदं बरीचशी टिकली. काही गळाली, त्यांत आमचंही. धोंडप्पानं सांगितलं की तुम्हीच वर पाय आपटून चालला असाल. सोसायटीचे पत्रे कुणी घेतले नाहीत, म्हणून सासुरवाडीहून परत आल्यावर आबारावानं ते सोसायटीच्या कचेरीवरच ठोकून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात ती कचेरी अशी तापायला लागली की सभासद अर्ज दारातूनच फेकून पळत. आबाराव मात्र चेअरमन. त्याला बसणं भाग. दुपारी तो दार लोटून घेई, सदरा काढी, धोतर सैल करी आणि टेबलावर ओलं फडकं टाकून त्यावर पालथा पडे.

शेवटी त्यानं धोंडप्पाला निरोप धाडला. स्वतः आला नाही, शिपायाला धाडलं. पत्र्यावर कडबा पसरून वर मातीचा जाड लेप देता येईल का? धोंडप्पा लगेच तयार झाला. चेअरमनच्या डोक्यावर माती टाकायला मिळते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? भर दुपारी तो चोपणं खांद्यावर टाकून निघाला. पारावरचे आम्ही सगळे मागनं.

कचेरीला शिडी लागली. धोंडप्पानं तिला हात लावला, पायरी चाचपली, ढिली आहे म्हणून पुटपुटला. आणि मग, ज्याला जन्मभर हाळी माफ होती त्या माणसानं मान वर करून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी पहिली हाळी दिली:

"चेअरमनसाहेब, वर येतोय होऽ! झाकून घ्या!"

आत टेबल सरकल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं. धोंडप्पा शिडीवर हात ठेवून शांतपणे थांबला, आणि आतून खाकरा आल्यावरच त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.